कोपऱ्यातलं पाणी

पहिली पेटी लोखंडी घोडीवरून उचलली तेव्हाच सूनबाईला काहीतरी बिघडलंय हे कळलं.

जाळीच्या पेटीतून पाणी गळायला हवं होतं. गळत होता तो शेंबूड. त्याला दुसरा शब्द नाही. तपकिरी, चिकट, तार धरणारा. तो तिच्या रबरी हातमोज्यावरून कोपरापर्यंत ओघळला आणि अंगरख्याच्या बाहीत शिरला. तिने पेटी धरूनच मान फिरवली आणि मगच पेटी होडीत टाकली.

तिच्या सासरी कालवांची शेती होती. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या उथळ पाण्यात लोखंडी घोड्या रोवलेल्या, घोड्यांवर जाळीच्या चपट्या पेट्या आणि पेट्यांत कालवं. भरती आली की कालवं शिंपा किलकिल्या करून पाणी ओढतात, त्यातलं आपलं खाणं गाळून घेतात आणि वाढतात. माणसाने पेट्या हलवायच्या, उलटायच्या, धुवायच्या आणि धीर धरायचा. सूनबाई त्यात आणखी एक काम करायची. दर पंधरवड्याला प्रत्येक रांगेतली तीस कालवं सरकत्या मोजपट्टीने मोजून वहीत लिहायची. सासऱ्याला त्याचं फार हसू यायचं. "मोजून कालव वाढत नाही, सूनबाई," तो म्हणायचा. "पोराला रोज भिंतीशी उभं केलं म्हणून ते ताडमाड होतं का?"

होडीत बसून तिने त्या दिवशीही मोजली. एक्केचाळीस मिलीमीटर. पंधरवड्यापूर्वी एक्केचाळीस, त्याच्या आधीच्या पंधरवड्यालाही एक्केचाळीस. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा कालव दिसामासाने वाढायला हवं, तेव्हा महिनाभर ती जागच्या जागी खुंटली होती. काही तर नुसतीच आ वासून पडली होती. तिने एक जिवंत कालव सुरीने उघडलं. आत भरगच्च, दुधाळ गोळा असायचा तिथे पातळ, राखाडी, पारदर्शक पापुद्रा होता. त्याच्या कल्ल्यांवर तोच तपकिरी चिकटा लेपासारखा बसलेला. तिने ते पाण्यात फेकलं आणि सुरी तीनदा धुतली. पण धुवायची कशात? होडीभोवतीचं पाणीच मुळी गंजलेल्या टाकीतून सोडल्यासारखं होतं, वर पिवळट फेसाचे तवंग आणि त्या तवंगांत अडकलेल्या माश्या.

घरी आल्यावर तिने हात साबणाने धुतले, मग राखेने, मग पुन्हा साबणाने. जेवायला बसली तेव्हा घास तोंडाशी आला आणि बोटांना तो वास आला. ती ताटावरून उठली.

"नाजूक झालीस," सासरा म्हणाला आणि स्वतः दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सासऱ्याला सगळी वस्ती मानायची. सत्तरीचा, काटक, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट आणि तोंडात सदा कुणाची तरी खोडी. त्याची कालवं त्या उथळ पाण्यातली सर्वांत मोठी. खडकाकडचा कोपरा त्याचा, आणि त्या कोपऱ्यातलं कालव दुसऱ्याच्या कालवापेक्षा वर्षभर आधी तयार व्हायचं. लोक विचारायचे, तर तो दोन्ही तळवे पुढे करायचा. "हाताला गुण असावा लागतो."

त्याच्या शेजारच्या रांगा त्याच्या धाकट्या बहिणीच्या होत्या. तिला सगळे आत्या म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, रांगा एकटीने सांभाळायची. तिची कालवं मात्र कायम रोडकी. वर्षानुवर्षं घरी जेवताना सासऱ्याचा तोच विषय. "माझ्या बहिणीच्या हाताला काही गुण नाही. पेट्या वेळेवर उलटत नसणार. आळशी आहे, दुसरं काय." आणि आत्या हे जाणून होती. पहाटे सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायची, सगळ्यांच्या नंतर बाहेर यायची, आणि तरीही भावापुढे खालमानेने उभी राहायची. एकदा तर तिने त्याच्याकडून पेटी कशी हलवायची ते नव्याने शिकून घेतलं होतं. त्यानेही ते शिकवलं होतं, नाकाने कांदे सोलत.

पण या वर्षी त्याचा कोपराही गेला आणि तिच्या रांगाही. उलट कोपऱ्यातली कालवं आधी मेली.

आठवड्याभरात सरकारी पाणी तपासणारी बाई आली. छोटी होडी, काचेच्या बाटल्यांची पेटी, उन्हाने रापलेलं तोंड. तिने सगळ्या रांगांतून बाटल्या भरल्या आणि चौथ्या दिवशी कागद घेऊन परत आली. विक्री बंद. कुणी घरीही खायची नाहीत. कालवं धुवायच्या शेडमध्ये सगळे गोळा झाले होते.

"कालव जगतं ते पाण्यात तरंगणाऱ्या बारीक शेवाळावर," बाई सांगत होती. "बेताचं असलं की कालव गुटगुटीत होतं. पण हे बेताचं राहिलेलं नाही, आणि याची जातही वेगळी आहे. धुळीसारखं बारीक, वर चिकट. कालवाचे कल्ले बुजतात. मग ते शिंपा मिटून बसतं. मिटून बसलं की उपाशी, आणि उपाशी माणूस वाढेल का?"

"आणि मरतात ती?" सूनबाईने विचारलं.

"हे शेवाळ स्वतः मरून तळाला बसतं, तिथे कुजतं, आणि कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. कालवं गुदमरतात. याला आम्ही फुलोरा म्हणतो."

"फुलोरा?" आत्या म्हणाली. "असल्या घाणीला? नाव ठेवणाऱ्याला सर्दी झाली असणार."

लोक हसले. बाईही हसली, पण मग तिने कागदावरचा नकाशा पुढे केला. प्रत्येक बाटलीच्या जागी एक आकडा होता, आणि सगळ्यांत मोठा आकडा खडकाकडच्या कोपऱ्यात होता.

"फुलोऱ्याला खत लागतं. इथे कुठून तरी खत येतंय. काका, तुमच्या कोपऱ्यात काही सांडतं का?"

"समुद्र आहे बाई," सासरा म्हणाला. "त्यात काय काय सांडतं, त्याच्यावर मी पहारा देऊ का?"

पुन्हा लोक हसले. सूनबाई हसली नाही. त्याचं कारण तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं. तिला एवढंच दिसलं होतं की बोलताना सासऱ्याने बाईकडे न बघता आपल्या मुलाकडे, सूनबाईच्या नवऱ्याकडे बघितलं होतं.

तीन दिवसांनी मोठी ओहोटी होती. अशा ओहोटीला पाणी खडकाच्या पलीकडे जातं आणि एरवी न दिसणारा तळ उघडा पडतो. नवरा मेलेल्या शिंपांची गाडी टाकायला गेला होता. भर दुपारी सूनबाई एकटीच कोपऱ्यातल्या शेवटच्या घोड्या खरवडत होती. पायाखालचा चिखल काळा झाला होता, पाऊल उचललं की बुडबुडे यायचे आणि सडक्या अंड्याचा वास नाकात भसकन शिरायचा. तिने तोंडाला फडकं बांधलं होतं, त्या फडक्यालाही आता वास लागला होता.

तेव्हा तिला ती रेघ दिसली. तपकिरी पाण्यात एक पांढुरकी रेघ, खडकाच्या कपारीतून आलेली.

ती रेघेच्या मागे गेली. कपारीत धोंडे रचलेले होते, लाटेने लोटलेले नव्हे, हाताने एकात एक बसवलेले. तिने वरचे दोन धोंडे ढकलले आणि जे वर आलं त्याने ती मागे कोलमडली. तान्ह्या बाळाने अंगावर ओकावं आणि ते कपडे आठवडाभर बोळा करून कोंडून ठेवावेत, तसा आंबट, गोडसर, कुजका भपकारा. धोंड्यांखाली नळ होता, मांडीएवढा जाड. टेकडीवरच्या दूध डेअरीचा. डेअरीचं धुवणपाणी त्या नळातून पार खडकाबाहेर, खोल प्रवाहात जातं हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. नळाच्या सांध्यावर एक झाकण होतं. म्हणजे असायला हवं होतं. ते काढून बाजूला टाकलेलं होतं, गंजून दगडाला चिकटलेलं. उघड्या तोंडातून गढूळ पांढरं पाणी भळभळत होतं आणि तोंडाच्या कडेने पांढरट, बुळबुळीत झिपऱ्या वाढल्या होत्या, कुणा बुडालेल्या म्हातारीच्या केसांसारख्या. त्या पाण्याबरोबर हळूहळू हलत होत्या.

तोंडावर कचरा अडू नये म्हणून एक जाळी लावलेली होती. जुन्या पेटीची जाळी. तिच्या कोपऱ्याला पिवळा बिल्ला अजून लटकत होता. वस्तीत प्रत्येक घराच्या बिल्ल्याचा रंग वेगळा असतो. पिवळा त्यांच्या घरचा.

सूनबाईने तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि तिथेच ओकली. नंतर खडकाला धरून उभी राहिली, पुन्हा ओकली.  तिला सारखं एकच दिसत होतं. घरी आपल्या लहान लेकीचं ताट, आणि त्यात सासऱ्याने निवडून ठेवलेली सगळ्यांत मोठी कालवं.

ती शेडमध्ये आली तेव्हा सासरा हौदाशेजारी स्टुलावर बसला होता. जिवंत राहिलेल्या पेट्यांतून त्याने चार-सहा मोठी कालवं निवडली होती आणि सुरीने उघडून खात होता. कच्चीच.

"बाबा, ती खायची नाहीत म्हणून सांगितलंय."

"कागदवाल्या बाईने सांगितलं. माझ्या पोटाने नाही सांगितलं." त्याने शिंप तोंडाला लावली आणि सुर्र केलं.

"खडकात नळ उघडा आहे."

तो चावायचा थांबला नाही. शांतपणे गिळलं, हाताच्या पाठीने ओठ पुसले. "गेलीस का तिथपर्यंत? पाय जपून टाकावा. तिथे घसरतं."

"आपली जाळी आहे त्याच्यावर."

"असणारच. मीच लावली." त्याने दुसरं कालव घेतलं. "अठरा वर्षं झाली. वादळात झाकण उडालं होतं. त्या वर्षी आपली कालवं अशी फुगली, अशी फुगली, की मीच चक्रावलो. मग शोधलं, तर हा नळ. डेअरीची माणसं दुरुस्तीला आली होती. मी म्हटलं, कशाला चिखलात उतरता, पाना द्या, मी आवळतो. देऊन गेली बिचारी." तो हसला. त्याच्या दातांत राखाडी काहीतरी अडकलं होतं. "अगं, दूधच ते. विष आहे का? शेताला शेण घालतात, तेव्हा कुणी नाक धरतं?"

"आणि आत्या? तुम्ही तिला आळशी म्हणत होतात. अठरा वर्षं."

"तिला सांगितलं असतं तर साऱ्या वस्तीला कळलं असतं. झाकली मूठ असते ती." मग जरा विचार करून, जणू आपला चांगुलपणा आठवून, तो म्हणाला, "तिच्याकडेही थोडं वाहून जातच होतं की. अगदीच कोरडी नव्हती."

सूनबाईने हौदाची कड धरली. समोरच्या माणसाचा तिला राग यायला हवा होता, पण राग येत नव्हता. येत होती ती शिसारी, हातमोज्यात उतरलेल्या चिकट्यासारखी. त्याच्या बोटांची, ओठांच्या कोपऱ्यातल्या ओलीची, त्या समाधानी चेहऱ्याची.

"मग या वर्षी काय झालं?"

"डेअरी वाढली ना दोन वर्षांपूर्वी. गाई दुप्पट, पाणी दुप्पट. थोडं जास्तच झालं." तो पहिल्यांदाच जरा वैतागला. "लावायला गेलो होतो झाकण. बोल्ट गंजलेत. मग म्हटलं, होईल आपोआप कमी. उधाणाची भरती आली की धुऊन निघतं सगळं."

नवरा संध्याकाळी आला. तिने अंगणातच त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता बाकावर बसून बूट काढू लागला, एक बूट काढला, तो हातातच धरून बसला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"दोन वर्षांपूर्वी कळलं. बोल्ट काढायला मलाच बोलावलं होतं बाबांनी."

"आणि त्यानंतर तुम्ही लेकीच्या ताटात वाढत होतात?"

"कुणाला काही झालं नाही ना आजवर?" तो बुटाकडे बघतच म्हणाला. "वडील आहेत माझे. काय करायचं होतं मी? चव्हाट्यावर मांडायचं? हे बघ, आपण गुपचूप बंद करू. मी डेअरीतल्या ओळखीच्या फिटरला आणतो. कुणाला कळायचं कारण नाही."

त्याचा आवाज मऊ होता. रोज ती ज्या आवाजाला झोपेतसुद्धा ओ द्यायची तोच. सासऱ्यासमोर जे जाणवलं नव्हतं ते तिला इथे जाणवलं. वास या घराच्या भिंतींना होता, उशांना होता, आणि ती नऊ वर्षं त्यातच झोपत होती.

ती आत गेली नाही. तशीच आत्याच्या घरी गेली.

आत्या ओट्यावर बसून मेलेल्या कालवांच्या पेट्यांचे हिरवे बिल्ले सोडवत होती. सूनबाईने उभ्यानेच सांगितलं, मध्ये न थांबता. थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. आत्याने ऐकून घेतलं. सगळं ऐकून झाल्यावर तिने हातातला बिल्ला ठेवला आणि आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. भेगांत चिखल मुरलेला, बोटं सांध्यांशी वाकलेली.

"किती शिव्या दिल्या गं मी या हातांना," ती म्हणाली.

मग उठून चूळ भरली, बाहेर थुंकली, आणि म्हणाली, "त्या पाणीवाल्या बाईचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव फोन. मी बोलते."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला साऱ्या वस्तीने ते पाहिलं. बाई आली होती, डेअरीचे दोन फिटर आणि एक साहेब आला होता. साहेबाने पॉलिश केलेले बूट घातले होते आणि तो वाळूच्या पट्ट्यावरच थांबला. लोक नाकाला रुमाल लावून ओळीने उभे होते. आत्याने भावाला फक्त एवढंच सांगितलं होतं, "दादा, जागा तू दाखवायची." तो नाही म्हणून बघत होता, पण बहिणीने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघितलं होतं, आणि त्या नजरेपुढे त्याला कुठलीही खोडी सुचली नाही.

तो पुढे, फिटर मागे. धोंडे त्यानेच काढले. वास आला तशी ओळ दोन पावलं मागे सरकली. कुणीतरी "शी!" म्हणालं. मोठ्याने, लहान मुलासारखं. सासऱ्याने ते ऐकलं. तो वळून काहीतरी बोलायला गेला, आणि त्याने स्वतः बजावलं होतं तसं तिथे घसरतं. त्याचा पाय सुटला. तो पाठीवर त्या पांढऱ्या पाण्यात पडला, अंगभर झिपऱ्या, दाढीत झिपऱ्या, तोंडात गेलेलं पाणी थू थू करून काढत. उठायला गेला, पुन्हा घसरला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सूनबाईला वाटलं. नवरा धावला, बापाला काखेत हात घालून उभं केलं. त्याचा स्वतःचा सदराही माखला. वाळूवर येताना दोघे तिच्या अगदी जवळून गेले. सासऱ्याने आधारासाठी हात पुढे केला. तिने तो हात बघितला, आणि तिच्याही नकळत ती बाजूला झाली.

झाकण लागायला दोन तास लागले. पुढे डेअरीने वस्तीकडे बोट दाखवलं आणि वस्तीने डेअरीकडे. तपासणीत निघालं की डेअरी ठरल्यापेक्षा दुप्पट पाणी सोडत होती, तेव्हा हात कुणाचेच स्वच्छ नव्हते. सासऱ्याचा कोपऱ्याचा परवाना गेला. बाकीच्या रांगा राहिल्या, त्या नवऱ्याच्या नावावर झाल्या, पण तो त्या बघायला एकटाच जायचा. वस्तीतलं कुणी त्याची होडी लोटायला हात लावेना. सूनबाईने आत्याबरोबर काम धरलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "तिकडे मोजायला जास्त आहे."

थंडी पडली तसं पाणी हळूहळू निवळलं. आधी तवंग गेले, मग तपकिरी रंग, वास मात्र चिखलात बराच काळ राहिला. निम्म्याहून जास्त कालवं मेली होती. उरलेल्यांनी महिनाभर तोंड उघडलं की नाही कोण जाणे. एका सकाळी सूनबाईने तीस मोजली आणि सरासरी त्रेचाळीस निघाली. तिने पुन्हा मोजली. त्रेचाळीसच. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "लिही मग. बघतेस काय माझ्याकडे?" आणि पुढची पेटी उलटायला वाकली. सुरीने एक उघडून बघितलं. बारकं होतं, पण कल्ले स्वच्छ होते. आत्याने ते तिच्यापुढे धरलं. सूनबाईने मान हलवली. तिला ते खाणं शक्य नव्हतं. अजूनही नाही. लेकीच्या ताटातही ती ते वाढत नाही, आणि लेक मागतही नाही.

घरी ती सगळं करते. सासऱ्याला जेवायला हाक मारते, गोळ्या घेतल्या का विचारते, उन्हात खुर्ची टाकून देते. तो आता फारसा बोलत नाही. कधीमधी नवऱ्याला म्हणतो, झाकण लावून काय मिळवलं, कालवं बघा कशी झालीत, बोटाएवढी. नवरा उठून बाहेर जातो. एकदा तो स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "बाबांशी जरा मनापासून बोल ना. म्हातारा माणूस आहे, किती दिवस?"

"बोलते की रोज," ती म्हणाली. "मन येत नाही, त्याला मी काय करू?"

बाहेरून सासऱ्याने पाणी मागितलं. तिने पेला भरला, नेऊन त्याच्या शेजारच्या स्टुलावर ठेवला, आणि त्याने तो उचलून तोंडाला लावायच्या आत ती अंगणातून निघून गेली.